तारीख नसलेली पावती

एक्स-रेच्या टेबलावर पाय दुमडून पडलं की छताकडे बघण्यापलीकडे काही उरत नाही. बडोद्याच्या अलकापुरीतल्या त्या सेंटरच्या छतावर ओलीचा एक डाग होता, बराचसा गुजरातच्या नकाशासारखा. सौराष्ट्राचं तोंड तर अगदी जमलेलं. जून २०२४, पाळीचा आठवा दिवस. "बेन, हवे हलशो नहीं," टेक्निशियन म्हणाली, आणि ओटीपोटात कुणीतरी मूठ आवळावी तशी कळ आली.

एचएसजीबद्दल, म्हणजे गर्भपिशवीत डाय सोडून काढायच्या या एक्स-रेबद्दल, मैत्रिणींनी घाबरवून ठेवलं होतं, तेवढं दुखलं नाही. दुखलं ते नंतर, स्क्रीनवर बघताना. गर्भपिशवीचा पांढरा त्रिकोण उमटला. दोन्ही बाजूंना दोऱ्याएवढ्या ट्यूब, म्हणजे बीजवाहिन्या, दिसल्या, आणि टोकाकडे जाऊन त्या फुगल्या. पाणी भरलेल्या लांबट फुग्यांसारख्या. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "सांडलं नाही." डाय ट्यूबच्या तोंडातून पोटात सांडायला हवा असतो. बाकी आयुष्यात सांडणं वाईट, इथे तेच चांगलं.

रिपोर्टवर लिहिलं होतं, दोन्ही बाजूंना हायड्रोसॅल्पिंक्स. ट्यूबची तोंडं बंद आणि आत पाणी साठलेलं. ट्यूब फुगलेल्या दिसल्या म्हणून लगेच डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, इन्फेक्शन पुन्हा उसळू नये यासाठी.

मूल होत नाही म्हणून त्याआधीचं दीड वर्ष दुसऱ्या एका ठिकाणी गेलं होतं. त्याबद्दल फार लिहीत नाही, पण एक सांगते. तिथं माझी 'टॉर्च' नावाची रक्ततपासणी केली होती, गर्भाला बाधू शकणाऱ्या रुबेला, सीएमव्ही वगैरे संसर्गांची. रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह, सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह. "बघा, इन्फेक्शन आहे," असं सांगून तीन महिने गोळ्या दिल्या. सासूबाईंनी सोळा सोमवार धरले. नव्या डॉक्टरबाईंनी तो कागद बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रुबेलाची आयजीजी पॉझिटिव्ह आहे ही आनंदाची बातमी आहे. कधीतरी लस मिळाली असेल किंवा तो आजार येऊन गेला असेल. पुढे दिवस राहिले तर बाळाला रुबेलाची भीती नाही. आणि सीएमव्हीची आयजीजी आपल्याकडे बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांत सापडते. यावर गोळ्या कसल्या?"

मी रावपुऱ्यात एका सीएच्या ऑफिसात काम करते. अकरा वर्षं व्हाउचर तपासतेय. त्यामुळे पुढचं मला माझ्या भाषेत पटकन समजलं. शरीरात परका जंतू शिरला की आधी आयजीएम जातीच्या अँटीबॉडी तयार होतात, त्या काही आठवड्यांत ओसरू लागतात. आयजीजी मागाहून येते आणि वर्षानुवर्षं राहते. म्हणजे आयजीजी ही पावती. माल येऊन गेला एवढं ती सांगते. माल अजून गोदामात आहे की नाही, ते सांगत नाही. कधी आला तेही नाही. तारीख नसलेली पावती.

मग जुलैत माझी क्लॅमिडियाची तपासणी झाली. आयजीजी पॉझिटिव्ह.

हा शब्द मी आधी ऐकलाच नव्हता. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. याच जंतूच्या दुसऱ्या प्रकारांनी डोळ्यांचा खुपऱ्यांचा रोग होतो, तोही जुन्या पिढीत घराघरात असायचा. आमच्या आजीच्या पापण्या आतून खरबरीत झाल्या होत्या. पण माझ्या रिपोर्टमधला प्रकार शरीरसंबंधातून पसरणारा. डॉक्टरबाईंनी ते शांतपणे सांगितलं, आणि लघवीच्या पीसीआर तपासणीत जंतू सापडला नाही हेही लगेच सांगितलं. म्हणजे आज तो नाही. तरीही एका कोर्सची औषधं दोघांनी मिळून घ्या म्हणाल्या, कारण एकानं घेतलं आणि दुसऱ्यानं नाही तर उपयोग नसतो.

त्या रात्री आमच्या घरात जे झालं ते लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आरडाओरडा झाला नाही. मी भांडी घासत होते. नवरा ओट्याला टेकून उभा होता, मोबाईलवर वाचत. बऱ्याच वेळानं म्हणाला, "लग्नाआधी..." आणि थांबला. मी नळ बंद केला नाही. लग्नाआधी मला एक मित्र होता, युनिव्हर्सिटीत असताना, हे त्याला माहीत होतं. नोकरीसाठी तो पुण्यात दोन वर्षं एकटा राहिला, त्या दिवसांबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. त्यालाही ते आठवलं असावं, कारण त्यानं वाक्य पुरं केलं नाही. आम्ही झोपलो. झोपलो म्हणजे आडवे झालो.

चार दिवसांनी दोघंही डॉक्टरबाईंसमोर बसलो. त्यानंच विचारलं, "माझ्या रक्ताची पण तीच तपासणी करू या का?" मला त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "करू नका. तुमची निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ काय घ्याल? अँटीबॉडी काळानं विरतात, कुणाच्या लवकर, कुणाच्या उशिरा. पॉझिटिव्ह आली तर कुणाकडून कुणाला गेलं ते कसं ठरवाल? ही तपासणी ट्यूबचा अंदाज घ्यायला आहे, पंचनामा करायला नाही." त्याची लघवीची तपासणी मात्र केली, तीही निगेटिव्ह. वीर्यतपासणी आधीच नॉर्मल होती.

मग त्यांनी सोनोग्राफीचं पाकीट उलटं करून त्यावर चित्र काढलं. ते पाकीट अजून माझ्या फाइलीत आहे.

ट्यूब दहा-बारा सेंटीमीटर लांब. आतली वाट काही ठिकाणी जेमतेम एका मिलिमीटरची. अस्तरातल्या पेशींवर केसांहून बारीक तंतू असतात. वाऱ्यावर गव्हाचं शेत हलावं तसे ते एका दिशेनं हलतात आणि बीजांड पुढे सरकवतात. क्लॅमिडिया पेशीच्या बाहेर वाढू शकत नाही. तो या अस्तराच्या पेशीत शिरतो, आतल्या आत वाढतो, दोन-तीन दिवसांत ती पेशी फोडून शेजारची गाठतो. पण सगळी मोडतोड एकटा तो करत नाही. पेशी धोक्याचा इशारा देतात, पांढऱ्या पेशी धावत येतात आणि जंतूला मारण्यासाठी जी रसायनं सोडतात ती अस्तरालाही जाळतात. तंतू झडतात. मग शरीर दुरुस्तीला लागतं, आणि दुरुस्ती म्हणजे वण. गुडघ्यावर वण पडला तर काही बिघडत नाही. एका मिलिमीटरच्या वाटेत पडला तर वाटच बंद.

"मग ही पांढऱ्या पेशींची चूक?" नवऱ्यानं विचारलं. इंजिनिअर माणूस, मकरपुऱ्याच्या कारखान्यात दिवसभर बिघाडाचं मूळ शोधतो.

"चूक कसली. त्या आल्या नाहीत तर तुमची बायको सेप्टिक होईल."

पुढे त्या म्हणाल्या ते मला जास्त विचित्र वाटलं. आपल्या पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाच्या संदेशामुळे आतला ट्रिप्टोफॅन नावाचा पोषक घटक संपवून टाकतात, जंतूची उपासमार करण्यासाठी. त्यानं जंतू मरतो. पण प्रयोगशाळेत असंही दिसलंय की काही जंतू मरण्याऐवजी दडी मारतात, वाढणं थांबवतात आणि दिवस फिरण्याची वाट बघतात. शिवाय या जंतूचं एक प्रोटीन, हीट शॉक प्रोटीन ६०, आपल्या स्वतःच्या पेशीतल्या त्याच जातीच्या प्रोटीनशी बरंच मिळतंजुळतं आहे. ज्यांच्या रक्तात जंतूच्या या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी सापडतात, त्यांच्यात ट्यूब खराब असण्याचं प्रमाण जास्त दिसतं. शरीर चोराऐवजी घरच्याच माणसाला धरतं का, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

लागण झालेल्या बहुतेक जणींच्या ट्यूब शाबूत राहतात, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. धोका वाढतो तो पुन्हा पुन्हा सूज आली की. स्वीडनमधल्या लुंड शहरातला एक मोठा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. ओटीपोटातली सूज एकदा येऊन गेलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के जणींना ट्यूबमुळे मूल होण्यात अडचण आली. दोनदा आलेल्यांत हा आकडा २० टक्क्यांच्या आसपास, आणि तीन किंवा जास्त वेळा आलेल्यांत ४० टक्के. मला किती वेळा आली? मला आठवतं ते एकदाच. तेवीस-चोवीसची असताना, आठवडाभर ओटीपोट जड, बारीक ताप. आईनं ओवा-मीठ दिलं, शेकायला पिशवी दिली. बरं वाटलं. बाकीचं, आलं असेल तर, न कळवता आलं आणि गेलं. या जंतूचं तसंच असतं, बहुतेक बायकांना कळतच नाही.

पण आपल्याकडे ट्यूब बंद म्हटलं की आणखी एकाचं नाव आधी घ्यावं लागतं, टीबी. फुप्फुसातला टीबी रक्तातून ट्यूबपर्यंत येतो आणि तिथं वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. माझ्या काकांना टीबी होता. मी आठ वर्षांची असताना ते आमच्याचकडे, दांडिया बाजारातल्या माडीवर राहात होते. म्हणून तो तपास सुरू झाला.

आधी मँटू, टीबीची कातडीवरची तपासणी. हातावर सुई, भोवती बॉलपेनचं वर्तुळ, ७२ तासांनी मोजणी. मोजायचा तो लालपणा नाही, कडकपणा. पेनची निब कातडीवरून सरकवत नेली, जिथं अडली तिथं खूण. १४ मिलिमीटर. एका ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगून टाकलं, "पॉझिटिव्ह आहे ना, मग सहा महिन्यांचा कोर्स सुरू करा." डॉक्टरबाई नाही म्हणाल्या. मँटू ही टी पेशींची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकाराची, आठवण. टीबीचा जंतू कधीतरी भेटला होता एवढंच तिला म्हणायचं असतं. आपल्या देशात तो कितीतरी जणांना भेटलेला असतो. पुन्हा तीच तारीख नसलेली पावती, फक्त या वेळी कातडीवर. जंतूच दाखवा, मगच चार औषधं.

त्यासाठी पाळीच्या आदल्या दिवसांत गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा काढतात. ऑगस्टच्या मध्याला काढला. त्याचे दोन भाग करायचे असतात. एक फॉर्मालिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. दुसरा साध्या सलाइनमध्ये, सीबीनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी), कारण फॉर्मालिननं जंतू मरतो आणि मेलेला जंतू वाढत नाही. जिथं नमुने गेले तिथं दोन्ही तुकडे एकाच फॉर्मालिनच्या बाटलीत टाकले गेले. चार दिवसांनी फोन आला, "मॅडम, कल्चर नहीं हो पाएगा." मी ऑफिसात होते. जिन्यात जाऊन रडले आणि परत येऊन एका कापड दुकानाचं रिटर्न भरलं. जिला हे करायचं असेल तिनं दोन बाटल्या स्वतः डोळ्यांनी बघाव्यात, पाण्यासारखी बिनवासाची कोणती ते विचारावं. लाजू नये.

म्हणजे आणखी एक महिना. आणि त्याच महिन्यात विश्वामित्री नदी घरात आली.

२०२४ च्या ऑगस्टअखेरचा तो पूर बडोद्यात कुणी विसरणार नाही. आमचं घर समा भागात, तळमजल्यावर. कमरेएवढं पाणी. मगरीच्या धास्तीनं दोन रात्री वरच्या शेजाऱ्यांकडे काढल्या. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी फोटो टाकला की तो खरा की जुना यावरच वाद. पाणी उतरलं आणि मागे गाळ राहिला. ओला होता तोवर फावड्यानं निघाला. कोपऱ्यातला राहून गेला तो वाळला, आणि मग उलथन्यानं खरवडला तरी फरशीच आधी निघेल असं वाटायला लागलं. मोरीचं पाणी जाईना. प्लंबर आला, आत तार घातली, बाहेर काढली, परत घातली. "आ नहीं खूले बेन. बदलवो पडशे." नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तीन आठवड्यांत पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो, तेही असल्या गोष्टीवर.

सप्टेंबरमध्ये पुन्हा तुकडा, या वेळी बाटल्या मी स्वतः धरून होते. सीबीनॅट निगेटिव्ह. कल्चरला सहा आठवडे लागतात, कारण टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. नवरात्र गेलं, दसऱ्याची फाफडा-जलेबी झाली. दिवाळीच्या तोंडावर रिपोर्ट आला, काही वाढलं नाही.

दिवाळीनंतर दुर्बिणीचं ऑपरेशन. सही करण्याआधीचं बोलणं ऑपरेशनपेक्षा लांबलं. ट्यूब उघडून ठेवता येतात, पण आतले तंतू गेले असतील तर उघडी ट्यूबही कामाची नाही. उलट गर्भ ट्यूबमध्येच रुजण्याचा धोका वाढतो. आणि तशाच ठेवून आयव्हीएफ केलं, तर साठलेलं पाणी मागे गर्भपिशवीत झिरपतं आणि यशाची शक्यता बरीच घटते. म्हणून आत गेल्यावर फारच खराब दिसल्या तर काढायच्या. दोन्ही. त्या 'दोन्ही' शब्दापुढे माझा पेन थोडा थांबला. मला मूल होत नव्हतंच त्यांच्यातून, तरी त्या माझ्या होत्या.

नंतर त्यांनी व्हिडिओ दाखवला. यकृत आणि पोटाची आतली भिंत यांच्यामध्ये बारीक पांढरे धागे ताणलेले, एकामागे एक, सतारीच्या तारांसारखे. ट्यूबमधली सूज वर यकृताच्या वेष्टणापर्यंत पोचली होती, तिथंही शरीरानं दुरुस्ती केली होती आणि धागे सोडले होते. मला तिथं कधी काही दुखल्याचं आठवत नाही. ट्यूबच्या टोकाला असते ती फुलाच्या पाकळ्यांसारखी झालर कुठंच नव्हती, गुळगुळीत गोळा झाला होता. निळा डाय सोडला, तो ट्यूबमध्ये भरला आणि तिथंच राहिला. काढल्या.

ऑपरेशननंतर टाके दुखले नाहीत इतका उजवा खांदा दुखला. पोट फुगवायला भरलेला वायू छातीखालच्या पडद्याला टोचतो आणि शरीर ते खांद्याच्या नावावर टाकतं. माझ्या शरीराचे हिशेब एकंदरीत असेच.

काढलेल्या ट्यूबचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला. जुनाट सूज. टीबीत दिसणाऱ्या गाठी नाहीत. आणि एक ओळ, प्लाझ्मा पेशी मोठ्या संख्येनं. मी विचारलं, या कोण? "याच तर अँटीबॉडी बनवतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. जंतू कधीचा गेला होता. कारखाना चालू होता.

त्या संध्याकाळी आयव्हीएफसाठी फाइल लावत बसले होते. सवयीनं तारखेवार. क्लॅमिडियाचा तो कागद हातात आला आणि मी उगाचच तो बाजूला ठेवला. रिपोर्टवर तारीख होती, जुलैची. पण ती काही त्या गोष्टीची तारीख नव्हती. नवरा शेजारी येऊन बसला. म्हणाला, "तुमच्या हिशेबात मागच्या वर्षाचं बिल या वर्षी सापडलं तर काय करता?"

"प्रायर पीरियडमध्ये दाखवतो. वेगळं. चालू खात्यात मिसळत नाही."

"मग तसं कर की."

त्यानं स्टेपलर पुढे केला. पुण्याची दोन वर्षं मी अजूनही विचारलेली नाहीत, आणि त्यानं ते अर्धं वाक्य अजून पुरं केलेलं नाही.

आयव्हीएफबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, ते सगळीकडे लिहिलेलं असतंच. पोटात इंजेक्शनं, दिवसाआड सोनोग्राफी, जानेवारीत नऊ बीजं, चार भ्रूण. मार्चमध्ये एक आत ठेवला, तो टिकला नाही. तीन गोठवलेले आहेत.

सासूबाईंचं मात्र सांगायचं राहिलं. त्यांना आम्ही 'ट्यूब जन्मापासून अशाच आहेत' असं सांगितलं होतं. जानेवारीत बीजं काढल्यावर मी दोन दिवस घरी होते. दुपारी त्या तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसल्या होत्या, लीलव्याच्या कचोऱ्यांसाठी. मीही जाऊन बसले. काय वाटलं कुणास ठाऊक, सांगून टाकलं. म्हटलं, "आई, जन्मापासून नव्हत्या. पूर्वी कधीतरी इन्फेक्शन होऊन गेलं होतं. मला कळलं नाही, आणि आतून चिकटल्या."

मी प्रश्नाची वाट बघत होते. कुठून, कसं. त्या शेंगा सोलत राहिल्या.

"हा झाला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला तीन आठवडे ताप होता. ओटीपोटात हात लावू देत नव्हते. बाळंतिणीला येतोच म्हणाले. मग पुढं राहिलंच नाही कधी."

"तुम्ही दाखवलं नाही कुणाला?"

"कशाला दाखवायचं? एक मुलगा होता ना पदरात." सुपातल्या किडक्या शेंगा त्यांनी एका बाजूला सारल्या. "त्या डॉक्टरबाईंना विचार हं. बाळंतपणातल्या तापानं पण तसं होतं का."

होतं. मला तेव्हाच माहीत होतं. पण म्हटलं, विचारते.